योहानतात्यांची दुसरी बुडी

आमच्या योहानतात्यांना साठीत दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घ्यायची हुक्की कशी आली, ते ऐका. तान्हेपणी बारामतीच्या चर्चमध्ये त्यांच्या डोक्यावर पाणी शिंपडलं होतं. पण परवा एक नवे पास्टर भेटले. ते म्हणाले, "शिंपडलेलं चालत नाही. जाणत्या वयात, विश्वासानं अख्खं बुडायला लागतं."

झालं! तात्या पास्टरांबरोबर शेळगावच्या कालव्यावर हजर. मागनं काकू तणतणत आल्या.

"अवं, त्या चर्चमधलं शिंपडणं खोटं, मग तितंच लागलेलं आपलं लगीनबी खोटंच का?"

तात्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पास्टरांना हळूच विचारलं, "व्हय का वो?"

पास्टर तोंड उघडायच्या आत काकूंनी तात्यांना कालव्यात ढकललं. तात्या अख्खे बुडाले आणि वर आले ते ओरडतच, "लगीन खरं हाय!"