काकाचं नाव चांदावर

म्हातारी मावशी उभी आणि तिचा भाचा बाकावर पाय पसरून बसलेला, हे अकोटच्या स्टँडवर मला पाहवलं नाही. मी सरकून तिला जागा दिली. भाच्याचं मोबाइल दाखवणं सुरूच.

“मावशी, आमची कंपनी लोकवर्गणीतून चांदावर यान धाडून राहिली. पाच हजारात काकाचं नाव त्यावर कोरून देतो.”

“यानाले खर्च किती रे, नितेश?”

“तीनशे कोटी.”

“जमले किती?”

“अकरा लाख.”

“बाकीचे नाही जमले तं उडन कसं?”

“जमतात ना, मावशी!”

“नाही जमले तं पैसे वापस?”

“वापस नाही भेटत. पण यादीत नाव राहते.”

“ते गेले तेव्हापासून मंदिरात त्याइच्या नावाचा पंखा लावाचं मनात हाय माह्या.”

“पंखा गावाले दिसते. चांद साऱ्या दुनियेले दिसते.”

“हे खरं हाय. तुह्या मायचं नाव टाकलं असन ना तू? ताईले जाऊन दोन वर्स झाले.”

“ते मागून टाकतो. पयले तुमचं.”

मावशीनं बटव्याची नाडी सोडली. मग माझ्यानं राहवलं नाही.

“बापू, आमच्या गावात वर्गणी मागणाऱ्याच्या घरची पावती पयले फाटते. मेलेल्या मायचं नाव घालाले तुले भरोसा नाही, तं या बाईच्या नवऱ्याले काहून चढवतं त्या यानात?”