उपाशी संघाचा गोल

डोळ्यांच्या दवाखान्यात खांद्यावरच्या बाळाला थोपटत एक बाई बसली होती. मागच्या बाकावर सिनेमाचा एक म्हातारा दिग्दर्शक आणि त्याची लेक, म्हणजे त्याचीच सहायक, दबक्या आवाजात भांडत होते.

“बाबा, ऑपरेशन आजच करून घ्यायचं.”

“आधी सिनेमातला फुटबॉलचा सामना संपू दे. युद्धकैद्यांसारखी दिसावीत म्हणून पोरं दोन महिने अर्धपोटी राहिलीत. शूटिंग थांबवून आणखी उपाशी ठेवू त्यांना?”

“आणि तुम्हाला दिसत नाही, त्याचं काय?”

“सगळं दिसतं मला! कालचा गोल काय झकास मारला त्या पोरानं. पहिल्याच फटक्यात ओके दिला मी.”

“गोल झालाच नव्हता. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला.”

“उगाच काहीतरी! कैदी केवढ्यानं ओरडले!”

“तुम्ही ‘शाब्बास’ म्हणालात, म्हणून बिचारे ओरडले. महिनाभर हेच चाललंय. तुमची पाठ वळली की आम्ही तोच शॉट पुन्हा घेतो.”

“पुन्हा? म्हणजे उपाशीपोटी दोनदा पळवता पोरांना?”

“मग काय करू? तुम्हाला सांगायची सोय आहे का कुणाला?”

बाळाला थोपटणारा हात थांबला. मागून म्हाताऱ्याचा आवाज आला.

“नर्सला बोलाव.”

“आणि शूटिंग?”

“बंद. पोरांना फोन कर, म्हणावं पोटभर जेवा.”

“बाबा, आठवड्यात अंग धरतील ती. गुबगुबीत कैदी कोण खरे मानेल?”

“लोक मलाच हसतील ना? हसू देत.”