पत्र्यावरची छत्री

चहा घ्या, सांगतो. आमच्या लिंबागणेशात एकेकाळी वारं सुटलं की टीव्हीची छत्री फिरायची. मग घरोघर नवरा पत्र्यावर आन् बायको दारात. "आलं का गं चित्र?" "न्हाई! जरा डावीकडं!" सगळी गल्ली ओरडायची, लई मजा यायची. आता घरोघर इंटरनेटचे टीव्ही आले, गल्ली मुकी झाली.

एकटा माझा दोस्त नामदेव अजून पत्र्यावर चढतो. पोरानं पुण्याहून पाठवलेला नवा टीव्ही खोक्यातच हाय. परवा पोराचा फोन आला, "रविवारी येऊन मीच जोडतो, छत्री भंगारात देतो." नामदेवचं तोंडच उतरलं.

मी डिवचलं, "कामून रे, नव्या टीव्हीच्या बटनाला भेतो का?"

तो हळूच म्हणला, "न्हाई रे. म्हातारी दिवसभर माझ्याशी बोलत न्हाई. मी पत्र्यावर चढलो की मात्र तासभर बोलती."

तेवढ्यात त्याची म्हातारी, म्हंजी आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या. मी लगेच चुगली केली, "वहिनी, चित्र यायला तासभर लागतो व्हय?"

वहिनी पदराआड हसल्या. "चित्र पहिल्याच झटक्यात येतंय, भावजी. पर पत्र्यावर असतेत तेवढाच येळ हे माझं ऐकतेत. त्या पोराला सांगा, छत्रीला हात लावशील तर बघ!"