‘फरक नाही’ या दोन शब्दांविषयी

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे ज्येष्ठ सहकारी, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांच्या स्कॅनवाल्या ताई, त्यांचे यजमान, मुद्दाम रजा काढून आलेल्या सूनबाई, आणि समोर बसलेले तंत्रज्ञ, परिचारिका, आपले जुने रुग्ण व त्यांची घरची माणसं, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षबाईंनी मला कॉलेजात शिकवलंय, आणि त्यांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. तेव्हा पाच म्हणजे पाचच.

कर्करोगाला औषध देणं हे माझं काम. पण ते औषध लागू पडतंय की नाही, हे मला कोण सांगणार? रुग्णाचा चेहरा बघून थोडं कळतं, बाकी सगळं ताईंच्या खोलीतून येतं. एकतीस वर्षं त्यांनी माणसांना त्या मशीनमध्ये निजवलं आणि काचेपलीकडून सांगितलं, “श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा.” त्यांचे यजमान मघाशी मला म्हणाले, “घरी पहिल्या दोन आज्ञा मिळतात हो. ‘सोडा’ काही अजून ऐकू आलेलं नाही.”

ताईंची एक सवय होती. स्कॅनआधीची सुई टोचताना त्या प्रत्येकाला विचारायच्या, “गोळ्या चालू आहेत ना? किती वाजता घेता?” हा प्रश्न त्यांच्या फॉर्ममध्ये नाही. मी नवा होतो, अंगात खुमखुमी होती. एकदा म्हणालो, “ताई, हे विचारणं माझं काम आहे.” त्या म्हणाल्या, “मग विचारा की. मी कुठे अडवलंय?” तरी मी विचारायला लागलो नाही, हेही कबूल करतो.

आता जे सांगायचं म्हणून मी उभा राहिलो, ते सांगतो. आपल्या इमारतीच्या लिफ्ट दुरुस्त करायला एक काका यायचे. जुन्या लोकांना आठवत असतील. लिफ्ट बंद पडली की आत अडकलेल्यांना बाहेरून विनोद सांगायचे. त्यांना फुप्फुसाची गाठ निघाली. एक्केचाळीस मिलिमीटर. मी रोज एक गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी गाठ बावीसवर आली. गोळीचा त्रास बराच होता, चेहराभर पुरळ, तोंड आलेलं, पोट बिघडलेलं, पण काका रेटत होते. पुढच्या स्कॅनमध्ये परत बावीस. आमच्या भाषेत ही आनंदाची बातमी, गाठ जागच्या जागी अडवून धरलेली. बाहेर चाळीस माणसं थांबली होती. मी मान वर न करता म्हणालो, “काही फरक नाही, काका. छान. तीन महिन्यांनी या.”

तुम्हीच सांगा, आपण आजारी माणसाला काय विचारतो? “औषधानं काही फरक पडला का?” मग ‘फरक नाही’ याचा अर्थ घरोघरी काय होतो? मी मिलिमीटरबद्दल बोलत होतो. काकांनी ऐकलं ते असं की औषधाचा उपयोग नाही, आणि ‘छान’ हा डॉक्टरचा धीर देण्याचा प्रकार. त्यांनी गोळ्या बंद केल्या. बायकोला वाईट वाटू नये म्हणून रोज सकाळी तिच्यासमोर गोळी तोंडात टाकायची आणि बेसिनपाशी जाऊन थुंकायची.

तीन महिन्यांनी ताईंनी सुई टोचताना नेहमीचा प्रश्न विचारला. काका म्हणाले, “केव्हाच बंद केल्या. डॉक्टरच म्हणाले ना, फरक नाही म्हणून.” त्या दिवशी गाठ चौतीस होती. ताईंनी मला लगेच कळवलं नसतं तर मी काय केलं असतं? औषध हरलं असं समजून ते कायमचं बंद केलं असतं आणि त्या थकलेल्या देहाला सलाईनमधून कडक औषधं लावली असती. पण ताईंचा फोन आला. “गाठ वाढली आहे, पण औषधाला दोष देऊ नका. औषध पोटात गेलेलंच नाही. आणि डॉक्टर, जरा तोंड सांभाळून बोलत जा.”

तीच गोळी पुन्हा सुरू झाली. गाठ पंचवीसवर आली, आणि काका पुढे पावणेतीन वर्षं जगले. तेव्हापासून स्कॅन विभागात ‘फरक’ या शब्दाला बंदी आहे. ‘वाढली’, ‘कमी झाली’, ‘तेवढीच आहे, म्हणजे औषध काम करतंय’ असं पूर्ण वाक्य बोलायचं. नव्या मुली या नियमावरून ताईंची थट्टा करतात, पण पाळतात.

ही गोष्ट इथवर मी पूर्वीही सांगितली आहे, परिषदांमध्येसुद्धा. टाळ्या मिळतात. पुढचं कधी सांगितलं नाही.

काकांच्या पत्नी आज सभागृहात आहेत. ताईंशी त्यांची मैत्री जुळली ती अजून टिकून आहे. ही गोष्ट सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून काल घेतली, पण त्यांनाही अर्धीच सांगून. काकू, गोळ्या बंद झाल्याचं कळलं तेव्हा तुम्ही दोघं माझ्या खोलीत होता. काका म्हणाले, “डॉक्टरच म्हणाले होते फरक नाही.” तुमचा विश्वास बसेना. तुम्ही मला विचारलंत, “असं म्हणाला होतात तुम्ही?” आणि मी म्हणालो, “मी म्हणालो होतो, गाठ वाढलेली नाही.” काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बघितलं. पुढे शेवटपर्यंत तुम्ही त्यांना ऐकवत राहिलात, “तुमच्या हट्टापायी तीन महिने वाया गेले.” मी ते माझ्या कानांनी ऐकलंय, आणि दरवेळी फाईल चाळत बसलोय.

ताईंना खरं माहीत होतं. परवा निरोपाचं बोलायला गेलो तर म्हणाल्या, “माझं कौतुक नको. त्या बाईला खरं सांगा, ते जास्त बरं.”

अध्यक्षबाई, वेळ संपली, घड्याळ दाखवू नका. ताई, आभार तुमचे, आणि मला बोलू दिल्याबद्दल या सभागृहाचे. भाषणाच्या शेवटी चूकभूल माफ करा म्हणायची रीत आहे. ती मी आज एकाच व्यक्तीकडे बघून पाळतो. काकू, काका खरं बोलत होते. मला माफ करा.