गोदाबाईंचा चहा

विज्ञानाने मानवजातीचे दुःख हलके केले आहे. १९९६ साली मानपाड्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या गोदाबाईंचे तेवढे राहून गेले होते. छातीत धडधडते म्हणून डॉक्टरांनी त्यांचा चहा बंद केला होता. त्यांच्या पलीकडे बसलेला त्यांचा नवरा मसाल्यांचा अर्क काढणाऱ्या कारखान्यात कामाला होता.

"गोदे, एक सांगायचंय. कारखान्याच्या यंत्रातून काढून आणलेल्या त्या चहातलं कॅफीन निघालंच नाही."

"आता सांगताय? आठवडा झाला पितेय मी!"

"अगं, कार्बन डायऑक्साइड दाबून गरम केला की त्यात कॅफीन विरघळतं. पण पत्ती आधी ओली करायला लागते. मी कोरडीच टाकलेली."

"मग निघालं काय?"

"नुसता वास."

"तरीच काढ्यासारखा लागायचा."

"तू तर मस्त झालाय म्हणायचीस!"

"तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचात. दुसरं काय बोलणार?"

"धडधड वाढली का गं?"

"असं बघितल्यावर वाढणारच."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. गोदाबाई आत जाऊन आल्या.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"धडधड चहामुळे नाही. चहा चालेल."

"बघ!"

"रिपोर्टात डायबेटीस निघालाय. साखर बंद."