मुलं सावरल्याचा समारंभ

आदरणीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावर विराजमान शिक्षण खात्याचे साहेब, मुख्याध्यापक, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या शिक्षक-पालक मंडळींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी या शाळेत उभा जन्म शिकवलं. निवृत्त बाईच्या हाती माईक देणं धोक्याचं असतं, तरी दिलात. आभारी आहे.

आज आपण आपल्या समुपदेशक बाईंना निरोप द्यायला जमलो आहोत. कारण मोठं आनंदाचं आहे. महासाथीनंतर मुलांची मनं सावरावीत म्हणून धोरण आलं, धोरणातून बाई आल्या. आता मुलं सावरली, असं खात्याचं मत आहे. मुलांना कुणी विचारलं? छे, कशाला? धोरणाची मुदत संपली की दुःखानं आपणहून उठून जावं, एवढी शिस्त त्याला नको का? यापुढे बाईंच्या जागी ‘हसत राहा’ नावाची चित्रफीत दाखवतील. मी पाहिली. आयुष्यात प्रथमच मला समुपदेशनाची गरज वाटली.

बाईंवर ठपकाही आहे बरं का. साहेबांनी तपासणीला येऊन खिडकीतून पाहिलं, तर आठवीतली एक मुलगी खोलीत पाठमोरी, एकटी बसलेली, आणि बाई शेजारच्या खोलीत कानाला फोन लावून बसलेल्या! साहेबांनी जागच्या जागी शेरा मारला: ‘कामाच्या वेळेत फोनवर गप्पा.’ फोनच्या दुसऱ्या टोकाला तीच मुलगी होती, हे कळायला साहेबांना दार उघडून विचारावं लागलं असतं. वेळ कुठला त्यांना!

जी मुलं फोनवरच शाळा शिकली, त्यांना समोरासमोर बसवलं की ती बुटांकडे बघतात. म्हणून बाई भिंतीपलीकडे जायच्या.

“ऐकू येतंय का गं?”

“हो मॅडम. कॅमेरा बंद आहे ना?”

“कॅमेराच नाहीये, बाळा.”

“मग सांगते. बाबांनी हॉस्पिटलमधून फोन केला होता. मी गेम खेळत होते. नाही उचलला. मग परत आलाच नाही.”

हे मला कसं ठाऊक, असं साहेबांच्या चेहऱ्यावर दिसतंय. ती मुलगी माझी नात. तिचे बाबा, माझा मुलगा. हे तिनं शेवटी मलाही सांगितलं, आणि “आजी, तिथे सांग” म्हणाली, म्हणून सांगते. तोवर घरात आम्ही दोघी एकमेकींना ‘जेवलीस का’ एवढंच विचारत होतो.

ती सावरलेली नाही, साहेब. बोलायला लागली आहे, एवढंच. आणि तिच्यासारखी आणखी मुलं त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसतात.

मुख्याध्यापकांकडून कळलं, साहेब, बाईंचं पद रद्द करण्याच्या आदेशावर आपली सही अजून व्हायची आहे. निरोप आधी, आदेश मागून, काय तत्परता! तेव्हा हात जोडून विनंती करते: सही करू नका.

उपस्थित सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर वयाकडे पाहून माफ करा. हा पुष्पगुच्छ बाईंना द्यायचं काम माझ्याकडे होतं. तो मी घरी घेऊन जाते आहे. बाई, तुम्ही बसा. जायचं कुठंही नाही.