एकशे अडुसष्ट तास आणि चौथं गाणं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या मंडळातल्या निम्म्या पोरांना पहिली लस ज्यांनी टोचली त्या डॉ. विजयालक्ष्मी केतकर, माझ्या उजव्या हाताला बसलेले आजचे प्रमुख पाहुणे, बस्सीच्या नामांकित ब्रास बँडचे मास्टर श्री. राघवजी, सत्कारमूर्ती कुमारी गिरिजा अंभोरे, पहिल्या रांगेत कॅमेरा रोखून बसलेल्या पत्रकार सोनमजी, आणि वैशाली नगरपासून आमेरपर्यंतच्या वस्त्यांतून अगदी वेळेवर, म्हणजे चाळीस मिनिटं उशिरा पोचलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

सगळ्यांना सप्रेम नमस्कार. मी गजानन ठोसर. तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं आणि गेली चौदा वर्षं जयपूरच्या या मराठी मंडळाचा सरचिटणीस आहे. दोन्हीकडे माझं बोलणं संपण्याची लोक वाट बघत असतात, हे मला ठाऊक आहे. जेवण तयार आहे. मठ्ठा गार आहे. पण आज मला जरा जास्त वेळ लागेल, कारण आज मला काही कबूलही करायचं आहे.

आधी एका शंकेचं निरसन करतो. निमंत्रणात ‘निरोप समारंभ’ हे शब्द वाचून तिघांनी मला फोन केला, गिरिजा कॅनडाला चालली की ऑस्ट्रेलियाला? ती बस्सीला चालली आहे. आग्रा रोडनं बसनं तासाभरात पोचतो माणूस. मागच्या वर्षी केतकरबाईंचा सोहम सिंगापूरला गेला, तेव्हा आपण त्याला चहाबिस्किटांवर वाटेला लावला होता. बस्सीला जाणाऱ्या मुलीला मात्र श्रीखंडपुरी! का बरं? तेच सांगायला उभा आहे.

गिरिजा चार वर्षांपूर्वी वाशीमहून आयटीच्या नोकरीसाठी इथे आली. वैशाली नगरात तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट आहे, म्हणजे लिफ्टचं दार आहे. या मुलीनं दिवसभर नोकरी करून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर माइक बांधून, स्वतः लिहून, स्वतः चाली लावून नऊ गाण्यांचा मराठी पॉप अल्बम काढला. नाव ठेवलं ‘तिसरा मजला, लिफ्ट बंद’. आणि गाणी ऐकण्याच्या एका ॲपवर तो टाकला. त्या ॲपवर दर आठवड्याला प्रत्येक शहराची यादी लागते, कोणता अल्बम कितवा. पहिल्या आठवड्यात जयपूरच्या यादीत गिरिजाचा अल्बम तीनशे बारावा होता. तीनशे अकराव्या नंबरावर पावसाच्या आवाजाचा अल्बम होता, झोप येण्यासाठीचा.

ही बातमी मला आमच्या मंजुषानं दिली. मंजुषा म्हणजे माझी पत्नी. ती बघा, आत्तापासूनच मला घड्याळ दाखवते आहे. दाखव, दाखव. तर मी पेटलो. म्हटलं, आपल्या मंडळाची मुलगी आणि पावसाच्या मागे? मी त्या यादीचे नियम वाचून काढले. त्यात एक विक्रम सापडला, ‘शहरात सर्वाधिक सलग तास वाजलेला अल्बम’. जयपूरचा विक्रम होता एकतीस तासांचा, आणि तो होता बस्सीच्या बँडच्या नावावर. लग्नसराईत लोक वरातीत नाचायची तालीम म्हणून घरोघरी तो अल्बम लावतात. एकतीस तास! मी हसलोच. अहो, आपण दर श्रावणात काय करतो? अखंड पारायण. सात दिवस, सात रात्री, तासातासाच्या पाळ्या, एकाचं वाचन थांबायच्या आत दुसऱ्यानं सुरू करायचं. पाळ्यांची वही माझ्याच कपाटात असते. या बाबतीत आपला हात धरणारं या शहरात कोण आहे?

तुम्हाला सगळं आठवत असेलच. त्याच वहीत मी नवीन पान काढलं. एकशे अडुसष्ट तास, एकशे अडुसष्ट पाळ्या. प्रत्येकानं आपल्या फोनवर तासभर अल्बम लावायचा आणि तास संपायच्या आत पुढच्याला फोन करून विचारायचं, ‘घेतला का?’ त्यानं ‘घेतला’ म्हटल्याशिवाय आपला बंद करायचा नाही. काय शिस्त पाळलीत तुम्ही! चारुलताताईंनी बाजारात भाजी घेता घेता पाळी दिली. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या खणात फोन ठेवून एकही पाळी चुकवली नाही. आमच्या घरी आमचा फोन तांदळाच्या डब्यात होता.

आता कुणी विचारेल, डब्यात का? तर आवाज येऊ नये म्हणून. कुणाकडे मालिका चालू, कुणाकडे मुलांचा अभ्यास, कुणाकडे पूजा. माझ्याकडे क्रिकेटची मॅच होती. आवाज शून्यावर नेला की ॲप गाणं मोजत नाही, हे वाचलेलं होतं मी. म्हणून अगदी बारीक ठेवायचा आणि डब्यात टाकायचा. तशी लेखी सूचनाच काढली होती मी. खाली सही माझी आहे.

सात दिवस झाले आणि विक्रम मोडला! एकतीसच्या जागी एकशे अडुसष्ट. त्या विक्रमाच्या यादीत पहिला नंबर. मी ताबडतोब वर्तमानपत्रांना पत्रक धाडलं. माझी पत्रकं आपण जाणता. आपल्या हळदीकुंकवाचंही मी ‘राजस्थानात प्रथमच’ असं लिहितो. दुसऱ्या दिवशी एका पेपरात आलं, ‘जयपुर की बेटी ने तोड़ा रिकॉर्ड’. इथवर ठीक होतं. दुसऱ्या पेपरानं एकशे अडुसष्ट तासांचे एकशे अडुसष्ट आठवडे केले. मी हिशेब केला. म्हणजे अल्बम निघायच्या तीन वर्षं आधीपासून तो पहिल्या नंबरावर होता. तिसऱ्यानं लिहिलं, एकशे अडुसष्ट देशांत पहिला. वाशीमहून गिरिजाच्या आईचा फोन, ‘अगं, एवढे देश आहेत तरी का?’

मी खुलासा पाठवला, तर खुलाशाचीच बातमी झाली, ‘अल्बम पर विवाद गहराया’. आठव्या दिवशी पाळ्या संपल्या, अल्बम वाजायचा थांबला. लगेच ‘ऐतिहासिक गिरावट, एक ही दिन में सौ प्रतिशत’. सोनमजी, आप हँस रही हैं, पर ये वाली आपकी थी. मग एका केबल चॅनलनं चर्चा ठेवली, ‘वैशाली नगर बनाम बस्सी’. एका चौकटीत राघवजींचा फोटो, दुसऱ्या चौकटीत गिरिजाचा, मधे आगीच्या ज्वाळा, आणि खाली मी. नावापुढे ‘संगीत विशेषज्ञ’. त्या अल्बमच्या सौंदर्यावर मी अकरा मिनिटं बोललो. मराठी पॉपला मिळालेलं नवं वळण, शब्दांमधला ओलावा, काय काय म्हणून गेलो. मंडळी, तोपर्यंत मी त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं.

कुजबुजू नका. तुम्ही तरी ऐकलं होतंत का? हात वर करा बघू. ... बघा. एकही नाही. खाली बघून काय होणार आहे आता?

त्याच आठवड्यात गिरिजा आमच्याकडे आली. मी पेढा पुढे केला. तिनं तो हातात धरला आणि विचारलं, “काका, चौथं गाणं कसं वाटलं?” मी म्हटलं, “अप्रतिम! विशेषतः शेवटचा आलाप.” ती म्हणाली, “हो का.” एवढंच. पेढा तसाच वाटीत ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि मंजुषाला म्हणाली, “काकू, त्यात आलाप नाहीच. मी तीस जणांना विचारलं. सगळे म्हणतात अभिनंदन, पहिला नंबर. गाण्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. वाईट आहे, असं तरी म्हणा ना! मी माइक देऊन टाकते कुणाला तरी. कंपनीची गुडगावची बदली घेते. ऐकणारंच कुणी नाही तर गायचं कशाला?”

मी बाहेरच्या खोलीत बसून सगळं ऐकत होतो. मला लाज वाटली. खरंच फार लाज वाटली. पण लाज वाटून मी काय केलं? तिचा जाहीर सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, मानपत्र. दुसरं काही येतंच नाही हो आम्हाला!

तो सत्कार याच सभागृहात झाला, एका रविवारी सकाळी. मानपत्र मी वाचत होतो. ‘एकशे अडुसष्ट’ या शब्दापर्यंत आलो आणि मागचं दार उघडलं. दारात राघवजी. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा, काखेत ट्रम्पेट. दुपारची वरात होती त्यांची, बँडच्या वेषातच आले होते. सगळ्यांना वाटलं आता भांडण होणार. सोनमजींनी तर कॅमेरा पुढे आणला. केतकरबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी मानपत्र ढालीसारखं छातीशी धरलं.

राघवजी सरळ व्यासपीठापाशी आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गिरिजाला म्हणाले, “बिटिया, मराठी तो मैं जानता नहीं. पर जिसने मेरा रिकॉर्ड तोड़ा, उसे सुनना तो पड़ेगा न. सुबह रियाज़ के बाद सुनता हूँ. वो चौथा गाना है न, उसमें पीछे कुकर की सीटी बजती है?”

गिरिजा म्हणाली, “जी.”

“वो गलती से आई या तुमने रखी?”

“आई गलती से. पर उस दिन जैसा गाया, वैसा फिर हुआ नहीं. तो रख ली.”

राघवजी म्हणाले, “अच्छा किया. मैं भी रखता.”

आणि आमची गिरिजा, जिनं टीव्हीवरच्या ज्वाळा बघून पापणीसुद्धा हलवली नव्हती, ती या व्यासपीठावर हमसून हमसून रडली. सोनमजींनी पुढे होऊन विचारलं, “राघवजी, रिकॉर्ड टूटने पर कैसा लग रहा है?” ते म्हणाले, “कौन सा रिकॉर्ड? गाने की बात हो रही है.” मानपत्राचा उरलेला भाग मी वाचलाच नाही. तो अजून माझ्या खिशात आहे.

तर मंडळी, गिरिजानं गुडगावची बदली नाकारली. कंपनीतून वर्षाची बिनपगारी रजा काढली. देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीपासून लग्नं सुरू होतील, आणि यंदाच्या लग्नसराईत ती राघवजींच्या बँडमध्ये गाणार आहे. राजस्थानी वरातींत, मधूनच एखादं स्वतःचं मराठी गाणं. राघवजींनी चौथं गाणं ट्रम्पेटवर बसवूनही ठेवलं आहे. तिची आई परवा मला फोनवर म्हणाली, “ठोसर साहेब, आयटीतली पोरगी वरातीत गाते म्हणून लोकांना काय सांगू?” मी म्हटलं, “वहिनी, आधी तुम्ही गाणी ऐका, मग लोकांचं बघू.” त्यांनीही ऐकली नव्हती. एकशे अडुसष्ट देशांची नावं मात्र त्या शोधत होत्या.

सोनमजी मघाशी माझ्या कानात विचारून गेल्या, “ठोसरजी, मराठी लड़की राजस्थानी बारात में, ये पहली बार है न?” नहीं पता जी. माहीत नाही. आणि माहीत असतं तरी आज सांगितलं नसतं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच मी पत्रक लिहिलेलं नाही. हे ‘पहिल्यांदाच’ तेवढं छापू नका.

गिरिजा, ते पाळ्यांचं पान मी वहीतून फाडलं नाही. राहू दे. दर श्रावणात समोर आलं पाहिजे माझ्या. सात दिवस आम्ही एवढी माणसं तुझ्यासाठी राबलो आणि तू काय गातेस हे बघायला कुणी डब्याचं झाकण उघडलं नाही. चूक माझी. सूचना माझी होती, सहीसुद्धा माझीच. मला माफ कर, बाळा.

अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, सभागृह देणाऱ्यांचे, माइकवाल्या भैयाचे आणि आता हातातलं घड्याळ काढून दाखवणाऱ्या मंजुषाचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला टोचलं असेल, तर पोटात घाला. मोठी चूक कबूल केली आहे, बारीकसारीक सोडून द्या.

जेवणाआधी फक्त साडेतीन मिनिटं मागतो. काल दुपारी मी आणि मंजुषानं फोन डब्यात न टाकता ओट्यावर ठेवला, आवाज मोठा केला आणि स्वयंपाकघरात बसून चौथं गाणं ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. राघवजी, सीटी दो बार बजती है. दुसऱ्या शिट्टीला गिरिजाला हसू येतं, एक शब्द निसटतो, आणि ती हसतहसतच पुढची ओळ उचलते. तिथे माझे डोळे भरून आले. ते गाणं आता गिरिजा इथे गाणार आहे. कुकर नाही, तेव्हा शिट्टीच्या जागी राघवजी ट्रम्पेट वाजवतील.

गिरिजा, ये. माइक चालू आहे. आणि तुम्ही सगळे, खुर्च्या पुढे घ्या.